ब्रह्मोस क्षेपणास्त्र : एका संभूयसमुत्थानाची चिकित्सा

(१) विषय

भारत व रशिया या दोन राष्ट्रांनीं मिळून निर्माण केलेल्या 'ब्रह्मोस' नांवाच्या नौकाभेदी क्षेपणास्त्राविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. एका मताप्रमाणें तें भारतीय शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाचें फळ असून रशियाचें साह्य निमित्तमात्र होय. दुसऱ्या मताप्रमाणें तें रशियाचेंच जुनें अस्त्र. आपण त्यास नवें नांव दिलें आणि पैसा पुरविला, इतकेंच. दोन्ही मतें आवेशानें मांडलीं जातात, आणि दोहोंच्या बाजूनें कांहीं खरा पुरावाहि आहे. परस्परविरुद्ध विधानांस जेथें असा दुहेरी पुरावा सांपडतो तेथें बहुधा प्रश्नच नीट विचारलेला नसतो. तो नीट विचारून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट या पृष्ठांवर कशास, अशी शंका वाचकांस येईल. परंतु जो करार झाला, ज्यावर दोन राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या सह्या पडल्या, आणि ज्यावर सही करणारी भारतीय व्यक्ति आज हयात नाहीं, तो इतिहासाचा विषय झालाच. शिवाय एकाच पोथीवरील दोन हातांचीं अक्षरें वेगळीं करून दाखविणें हें आपल्यापैकीं अनेकांचें नित्याचें काम आहे. येथें पोथीऐवजीं यंत्र आहे, एवढाच भेद.

आपल्या धर्मशास्त्रांत अठरा व्यवहारपदांपैकीं 'संभूयसमुत्थान' हें एक पद आहे. अनेकांनीं एकत्र येऊन उद्योग उभारणें हा त्याचा अर्थ. मनु यज्ञांतील ऋत्विजांचें उदाहरण घेऊन, ज्यानें जेवढें कर्म केलें तेवढा त्याचा अंश, असें सांगतो. याज्ञवल्क्य एकत्र व्यापार करणाऱ्या वाण्यांविषयीं बोलतो आणि ज्याचें जेवढें द्रव्य त्या मानानें, किंवा आधीं जसा ठराव झाला असेल तसें, नफानुकसान वांटावें असें म्हणतो. म्हणजे द्रव्य, कर्म आणि संविद् अशीं तीन मापें झालीं. ब्रह्मोसची परीक्षा या तीन मापांनीं वेगवेगळी करावी. एक माप दुसऱ्याच्या जागीं वापरूं नये. वर सांगितलेला वाद याच गोंधळांतून उत्पन्न झाला आहे.

(२) नांव

प्रथम नांवाचा विचार करूं. हातांत धरून चालवावयाचें तें शस्त्र आणि फेंकून मारावयाचें तें अस्त्र, असा जुना भेद आहे. 'अस्' या धातूचा अर्थच फेंकणें. 'क्षेपणास्त्र' या शब्दांत फेंकण्याचा अर्थ दोनदां आला. परंतु शब्द रूढ झाला असल्यानें त्यास हरकत घेण्याचें कारण नाहीं. ध्वनीहून अधिक वेगानें जाणाऱ्यास 'स्वनातीत' म्हणतात, तो शब्द मात्र सुबक आहे.

'ब्रह्मोस' हें नांव ब्रह्मास्त्रावरून पडलें असा लोकसमज आहे. तो स्वाभाविक असला तरी निर्मात्यांनीं स्वतः दिलेली व्युत्पत्ति निराळी आहे. ब्रह्मपुत्र आणि मोस्क्वा या दोन प्रवाहांच्या नांवांचे तुकडे जोडून हा शब्द केलेला आहे. मोस्क्वा ही मॉस्को शहरांतून वाहणारी नदी होय. आपल्याकडे ब्रह्मपुत्राची गणना नदांत, म्हणजे पुल्लिंगी प्रवाहांत होते. रशियन भाषेंत मोस्क्वा स्त्रीलिंगी आहे. रोमन लिपींत हें नांव लिहितांना मधला 'एम' मोठा काढतात, त्यामुळें शब्दाचा सांधा दिसतो आणि तें अक्षर मोस्क्वेकडे जातें. देवनागरींत मात्र 'ह्म' हें जोडाक्षर येतें, आणि त्यांतील मकार ब्रह्मपुत्राचा कीं मोस्क्वेचा हें सांगतां येत नाहीं. तो दोहोंचाहि आहे.

(३) पूर्वपीठिका

नौकाभेदी क्षेपणास्त्राचें सामर्थ्य जगास प्रथम दिसलें तें २१ ऑक्टोबर १९६७ रोजीं. त्या दिवशीं पोर्ट सैदजवळ ईजिप्तच्या लहान नौकांनीं सोडलेल्या सोव्हिएत बनावटीच्या पी-१५ क्षेपणास्त्रांनीं इस्राएलची 'ऐलात' ही विनाशिका बुडविली. पुढें चार वर्षांनीं, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं, भारतीय नौदलाच्या 'निर्घात', 'निपात' व 'वीर' या तीन नौकांनीं त्याच जातीचीं अस्त्रें घेऊन कराचीवर हल्ला केला आणि पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडविली. तिन्ही नौकांचीं नांवें संस्कृत होतीं. नौका आणि अस्त्रें मात्र सोव्हिएत संघाकडून घेतलेलीं होतीं. अस्त्राचा पल्ला सुमारें ४० किलोमीटर आणि वेग ध्वनीहून कमी होता. कराचीचें यश हें चालविणाऱ्यांचें होय, घडविणाऱ्यांचें नव्हे. विकत घेणें आणि घडविणें यांतील अंतर तेथूनच मोजावयास हवें.

घडविण्याचा पद्धतशीर प्रयत्न १९८३ सालीं सुरू झाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखालीं पृथ्वी, अग्नि, आकाश, त्रिशूल व नाग या पांच क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम हातीं घेण्यांत आला. या पांचांत नौका बुडविणारें, हवेंतून विमानासारखें मार्ग काढीत जाणारें क्षेपणास्त्र नव्हतें. १९९१ च्या आखाती युद्धांत अमेरिकेनें अशा प्रकारच्या टॉमाहॉक अस्त्रांचा केलेला उपयोग साऱ्या जगानें पाहिला, आणि ही उणीव ठळकपणें जाणवली.

याच सुमारास घडलेली दुसरी एक हकीकत या हकीकतीच्या शेजारीं ठेवून वाचावयास पाहिजे. १९९१ सालीं सोव्हिएत ग्लावकोस्मोस या संस्थेनें भारतास अतिशीत इंधनाचीं अग्निबाण-इंजिनें व त्यांची विद्या देण्याचा करार केला होता. अमेरिकेनें १९९२ सालीं निर्बंध लादले आणि १९९३ सालीं रशियानें विद्या देण्याचें नाकारून केवळ तयार इंजिनें देण्याचें मान्य केलें. विद्या 'देणें' हा व्यवहार तिऱ्हाइताच्या दडपणानें मोडतां येतो. दोघांनीं मिळून उद्योग काढला आणि दोघांचेंहि द्रव्य त्यांत गुंतलें, म्हणजे तो मोडणें दोघांसहि जड जातें. १९९३ चा अनुभव आणि १९९८ चा करार यांमधील हा भेद ध्यानांत घेतल्यावांचून पुढील व्यवस्थेचें मर्म कळत नाहीं.

(४) कुल

आतां अस्त्राचें कुल पाहूं. मॉस्कोजवळ रेऊतोव्ह नांवाचें गांव आहे. तेथील 'एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया' ही संस्था व्लादिमिर चेलोमेय (१९१४-१९८४) यांनीं उभारली. चेलोमेय यांच्या हयातींतच या संस्थेनें नौकाभेदी क्षेपणास्त्रांची परंपरा निर्माण केली होती. आमेतिस्त, मालाखित, बाझाल्त, ग्रानित, ओनिक्स अशीं त्यांचीं नांवें असून तीं सारीं खनिजांचीं वा मण्यांचीं आहेत. चेलोमेय यांच्यानंतर हर्बर्ट येफ्रेमोव्ह यांनीं संस्थेची धुरा घेतली. 'ओनिक्स' म्हणजेच पी-८००. परदेशीं विकण्यासाठीं त्याचें जें रूप केलें त्यास 'याखोंत' म्हणतात. जडजवाहिरांच्या याद्या चाळणाऱ्यांस 'याकूत' हा शब्द परिचित असेल. रशियन 'याखोंत' हा त्याचाच दूरचा भाऊबंद असून तोहि माणिक-नीलाचाच वाचक आहे.

ब्रह्मोस या कुलांतलें आहे, ही गोष्ट निर्विवाद होय. देहाचा आकार, नाकाशीं हवा घेणारें वर्तुळाकार मुख, आणि दोन टप्प्यांची रचना हीं ओनिक्सचीं लक्षणें त्यांत जशींच्या तशीं उतरलीं आहेत. पहिल्या टप्प्यांत घन इंधनाचा बूस्टर अस्त्रास ध्वनीहून अधिक वेग देतो आणि गळून पडतो. दुसऱ्या टप्प्यांत द्रव इंधनाचें रॅमजेट इंजिन पेटतें. रॅमजेटमध्यें हवा दाबणारें फिरतें चक्र नसतें. पुढून घुसणारी हवा अस्त्राच्या स्वतःच्या वेगानेंच दाबली जाते. म्हणून आरंभीं दुसऱ्या कोणीं तरी वेग दिल्यावांचून तें चालूंच शकत नाहीं. एकदां चालूं लागलें म्हणजे मात्र अस्त्र ध्वनीच्या सुमारें २.८ पट वेग राखतें.

या वेगाचें महत्त्व साध्या त्रैराशिकानें कळतें. समुद्राच्या पृष्ठालगत येणारें अस्त्र नौकेवरील रडारला, पृथ्वीच्या गोलाईमुळें, सुमारें ३० किलोमीटरच्या आंत आल्यावरच दिसतें. कराचीच्या वेळच्या अस्त्राच्या वेगानें हें अंतर कापावयास दीड ते पावणेदोन मिनिटें लागतील. ब्रह्मोसच्या वेगानें अर्धें मिनिट पुरतें. नौकेच्या रक्षणास लागणारा सारा विचार व सारी कृति त्या अर्ध्या मिनिटांत व्हावयास पाहिजे.

(५) करार

१२ फेब्रुवारी १९९८ रोजीं मॉस्कोंत दोन सरकारांमधील करारावर सह्या झाल्या. भारताच्या वतीनें डॉ. कलाम यांनीं, आणि रशियाच्या वतीनें तेथील प्रथम उपसंरक्षणमंत्री एन. व्ही. मिखाइलोव्ह यांनीं सही केली. त्यानुसार भारताची संरक्षण संशोधन व विकास संस्था आणि रेऊतोव्हची वर सांगितलेली संस्था यांची एक संयुक्त कंपनी झाली. भागभांडवल २५ कोटी डॉलर ठरलें. त्यांत भारताचा वांटा ५०.५ टक्के आणि रशियाचा ४९.५ टक्के. कंपनीचें मुख्य ठाणें दिल्लींत राहिलें, आणि तिचे पहिले प्रमुख ए. शिवतनु पिल्लै यांनीं २०१४ पर्यंत तिचा कारभार पाहिला.

कराराचा काळ दोहों पक्षांस कठीण होता. सह्या झाल्यावर तीनच महिन्यांनीं, मे १९९८ मध्यें, भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केले आणि त्यावर आर्थिक निर्बंध आले. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें रशियाचें रूबल कोसळलें. एका पक्षास विद्येची वाण, दुसऱ्यास द्रव्याची. अशा दोघांचा संयोग म्हणजे पंगु आणि अंध यांच्या संयोगाचा जो दृष्टान्त सांख्य देतात, त्याचेंच प्रत्यंतर होय.

१९९९ सालीं कामास प्रत्यक्ष आरंभ झाला. इंजिन, देहाची मूळ घडण, बूस्टर आणि लक्ष्य हुडकणारा रडार-सीकर हें रशियाकडचें काम. मार्गदर्शनाची गणना, तिचें संगणक-तंत्र, मारा-नियंत्रणाची व्यवस्था व जमिनीवरून सोडण्याची वाहनें हें मुख्यतः भारताकडचें. पहिलें उड्डाण १२ जून २००१ रोजीं ओडिशाच्या किनाऱ्यावरील चांदीपूर येथून झालें. करारापासून उड्डाणापर्यंत सव्वातीन वर्षेंच लागलीं, ही गोष्ट ओनिक्सच्या पूर्वसिद्धतेचीच साक्ष देते. शून्यापासून आरंभ केलेल्या अस्त्रास इतका अल्प काळ पुरत नाहीं.

(६) पल्ल्याची मर्यादा

ब्रह्मोसचा पल्ला पहिल्यापासून २९० किलोमीटर सांगितला गेला. हा आंकडा यंत्रशास्त्रांतून आलेला नाहीं. तो राजकारणांतून आला आहे. क्षेपणास्त्रांच्या प्रसारास आळा घालण्यासाठीं १९८७ सालीं सात राष्ट्रांनीं एक व्यवस्था ठरविली. ५०० किलोग्राम भार ३०० किलोमीटरपर्यंत नेऊं शकणारें अस्त्र दुसऱ्यास देऊं नये, असा तिचा मुख्य कटाक्ष होता. रशिया १९९५ सालीं त्या व्यवस्थेंत सामील झाला होता. भारत बाहेर होता. म्हणून तीनशेंच्या आंत दहा किलोमीटर अशी रेषा आंखली गेली. २७ जून २०१६ रोजीं भारत त्या व्यवस्थेचा सभासद झाला, आणि ११ मार्च २०१७ रोजीं वाढीव पल्ल्याच्या ब्रह्मोसची चाचणी झाली. नऊ महिन्यांत मर्यादा उठली. पत्र बदललें, पल्ला बदलला. शिलालेखांतील सीमावर्णन वाचतांना ती सीमा नदीनें घातली कीं राजानें, हें आपण पाहतों; येथेंहि तोच विवेक ठेवावयास हवा.

(७) संक्षिप्त शकावली

२००३ : 'राजपूत' या नौकेवरून प्रथम मारा. ही नौका सोव्हिएत काळीं, आज युक्रेनमध्यें असलेल्या मिकोलाइव्ह येथील गोदींत बांधलेली होती.

२००५ : त्याच नौकेवर अस्त्र नौदलाच्या सेवेंत दाखल.

२००७ : भूसेनेस जमिनीवरून सोडण्याचें रूप मिळालें.

१८ डिसेंबर २००८ : 'रणवीर' नौकेवरून सरळ ऊर्ध्व दिशेनें मारा.

२० मार्च २०१३ : विशाखापट्टणमजवळ पाण्याखालील तराफ्यावरून मारा.

१६ ऑगस्ट २०१४ : माझगांव गोदींत बांधलेली 'कोलकाता' ही विनाशिका मुंबईंत सेवेंत दाखल. तिजवर ब्रह्मोसच्या १६ नळ्या.

२५ जून २०१६ : नाशिक येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत सुधारलेल्या सुखोई विमानाचें ब्रह्मोस पोटाशीं बांधून प्रथम उड्डाण. या रूपाचें वजन सुमारें अडीच टन. मूळ रूप तीन टनांचें.

२२ नोव्हेंबर २०१७ : बंगालच्या उपसागरांत विमानांतून प्रथम मारा.

२२ मार्च २०१८ : पोखरण येथें भारतीय बनावटीच्या सीकरसह चाचणी.

३० सप्टेंबर २०२० : भारतीय बनावटीचा बूस्टर व देहाचा भाग घेऊन चाचणी.

२८ जानेवारी २०२२ : फिलिपाइन्सशीं सुमारें ३७.५ कोटी डॉलरचा विक्रीकरार. पहिली रवानगी १९ एप्रिल २०२४ रोजीं.

९ मार्च २०२२ : भारतीय हवाईदलाकडून एक अस्त्र चुकून सुटलें आणि पाकिस्तानांत मियां चन्नूजवळ पडलें. चौकशीअंतीं ऑगस्टमध्यें तीन अधिकाऱ्यांस बडतर्फ केलें. कोणी दगावलें नाहीं. परंतु अर्ध्या मिनिटाचें जें गणित वर मांडलें तें चुकीच्या प्रसंगींहि तितकेंच खरें असतें, हें या नोंदीवरून ध्यानीं यावें.

(८) निर्णय

आतां तिन्ही मापें क्रमानें लावूं.

द्रव्याच्या मापानें उद्योग पहिल्या दिवसापासून संयुक्त आहे, आणि भारताचा वांटा एका टक्क्यानें अधिक आहे. 'रशियाचें अस्त्र आपण विकत घेतलें' हें विधान येथें टिकत नाहीं. विकत घेणारा मालाचा धनी होतो, उद्योगाचा होत नाहीं.

कर्माच्या मापानें काळाचा भेद करावाच लागतो. २००१ सालीं उडालेल्या अस्त्राचा प्राण, म्हणजे इंजिन व सीकर, रेऊतोव्हचाच होता. त्या वर्षाविषयीं बोलणाऱ्या टीकाकाराचें म्हणणें बव्हंशीं बरोबर आहे. परंतु २०१८ व २०२० च्या नोंदी पुढें ठेवल्या म्हणजे एकेक अवयव भारतांत घडूं लागल्याचें दिसतें. मुंबईंत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत देहाचे भाग होतात, नाशिकांत विमान सुधारलें जातें, माझगांवास नौका बांधल्या जातात. 'इतके टक्के स्वदेशी' असे आंकडे वेळोवेळीं भाषणांत सांगितले जातात. ते किंमतीवरून काढले कीं सुट्या भागांच्या संख्येवरून, हें सांगितल्यावांचून ते पुरावा म्हणून घेऊं नयेत. तारीखवार चाचणी हाच येथें अस्सल कागद होय. पोथीची भाषा घेऊन सांगावयाचें तर मूळ पाठ रेऊतोव्हचा आहे. पाण्यावरून, जमिनीवरून, पाण्याखालून आणि आकाशांतून सोडण्याचीं जीं रूपें झालीं तीं मात्र केवळ नक्कल नव्हेत. विमानांतून सोडण्याचें रूप तर भारतीय हवाईदलाच्या गरजेंतूनच जन्मलें.

संविदाच्या मापानें निर्णय आणखी निराळा येतो. तिसऱ्या राष्ट्रास अस्त्र देण्यास दोन्ही भागीदारांची संमति लागते. फिलिपाइन्सच्या विक्रीस रशियाचाहि होकार होता. तस्मात् ज्या अस्त्राचें एकेक अंग आपण घडवूं लागलों तें विकण्याचें पूर्ण स्वातंत्र्य आपणांस नाहीं. आणि रेऊतोव्हसहि तें आपणांस वगळून विकतां येत नाहीं. रशियन नौदलानें स्वतःसाठीं ओनिक्सच ठेवलें, ही गोष्टहि येथेंच नोंदवावी. एकाच कुलाच्या दोन शाखा झाल्या, आणि एकाच शाखेंत आपला हक्क आहे.

सारांश, अभिमानी म्हणतो तें आजच्या कर्मावरून म्हणतो. टीकाकार म्हणतो तें पहिल्या उड्डाणावरून म्हणतो. दोघेहि तारीख सांगत नाहींत. तारीख सांगितली कीं दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं बसतें आणि वाद सरतो. मूळ घडण परक्याची होती हें मान्य करण्यांत उणेपणा नाहीं. उणेपणा आहे तो, वीस वर्षें खपून जे अवयव येथें घडले त्यांच्या घडविणाऱ्यांचीं नांवें विसरून सारें श्रेय एका पोकळ घोषणेस देण्यांत.

(९) कागदांविषयीं एक विनंति

या अस्त्राचीं गुप्त कागदपत्रें सरकारच्या ताब्यांत आहेत आणि योग्य काळ येईपर्यंत तीं तेथेंच असावींत. आमची विनंति त्यांविषयीं नाहीं. परंतु नौका पाण्यांत सोडल्याच्या समारंभपत्रिका, कारखान्यांचीं प्रसिद्ध झालेलीं गृहपत्रें, त्या त्या दिवसाचीं मराठी वृत्तपत्रें, सेवानिवृत्त कारागिरांस मिळालेलीं मानपत्रें व जाहीर छायाचित्रें यांत गुप्त असें कांहींच नाहीं. मुंबई-नाशिककडील अनेक घरांत असा कागद असेल, आणि घर बदलतांना तो रद्दीच्या भावानें जाईल. पेशवाईच्या तोफखान्याचा हिशेब आपणांस मिळतो तो कोणीं तरी कारकुनी कागद फेंकून न दिल्यामुळें. तोफ ओतणाऱ्या कारागिराचें नांव मात्र बहुधा मिळत नाहीं. त्याची हळहळ आपण सर्वांनीं केली आहे. संग्राहकांनीं जुन्या दफ्तरांबरोबर या नव्या कागदांसहि आपल्या कपाटांत जागा द्यावी, त्यांवर तारीख व ठिकाण लिहून ठेवावें, आणि कोणत्या घरून कागद आला हें नोंदवावें. शंभर वर्षांनीं कर्माचें माप लावणाऱ्यास करारनामे सरकारी दफ्तरांतून मिळतील; काम करणारे हात त्याला या कागदांतूनच दिसतील.